टोआकासेची कंबर

एप्रिलमध्ये केवड्याच्या पात्यांचा भारा उचलायला टोआकासे वाकली आणि वाकलेलीच राहिली. कमरेत अशी उसण भरली, की आम्ही चौघींनी तिला अर्धवट विणलेल्या चटईवरच आडवं केलं. वय एकसष्ट. त्यातली चाळीस वर्षं आमच्याबरोबर मांडी घालून चटया विणण्यात गेलेली. ऑगस्टमध्ये भाच्याचं, सेमिसीचं लग्न. आमच्या बेटावर आत्याचा मान सगळ्यांत मोठा; ती मानाच्या चटयांवर बसल्याशिवाय जेवणं सुरू होणार कशी?

सहा दिवस ती पडून होती. सातव्या दिवशी दवाखान्यातली नर्स सिसिलिया घरी आली. तिने पाय उचलून पाहिले, मुंग्या येतात का विचारलं, आणि म्हणाली, "काकू, पडून राहणं पुरे. आता हलायचं. पायात कळ गेली तर मात्र तिथेच थांबायचं."

तिने व्यायाम सांगितले. पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी ओढायचा, वीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. हातपाय टेकून पाठ मांजरीसारखी वर फुगवायची, मग हळूच खाली सोडायची. आणि विणताना अर्ध्या तासाने उठून, कमरेवर हात ठेवून जरासं मागे झुकायचं.

"अर्ध्या तासाने? अगं, ओळ अर्धी टाकून उठू?" टोआकासे भडकली.

"मग ऑगस्टमध्ये भाच्याच्या लग्नाला आडवीच ये," लोसालिने म्हणाली. ही तिची वहिनी, नवऱ्या मुलाची आई. तोंडाने तिखट, पण रोज सकाळी व्यायामाला सगळ्यांच्या आधी हजर.

टोआकासेला एकटीला लाज वाटते म्हणून आम्ही सगळ्याच तिच्याबरोबर व्यायामाला लागलो. विणायच्या खोलीत पाच जाड्या बायका हातापायांवर!

"लोसालिने, शेपूट तेवढं राहिलं तुझं!" टोआकासे म्हणाली.

"गप गं! पाठ वर कर. तुझं पोट जमिनीला लागलंय."

तेवढ्यात शेजारची डुकरीण दारातून आत आली, आमच्या रांगेत येऊन थांबली आणि लोसालिनेचा कान हुंगू लागली. टोआकासे हसत हसत कुशीवर कोसळली. मी धावले. म्हटलं, पुन्हा भरली उसण.

"काही नाही गं," डोळे पुसत ती म्हणाली. "दुखलंच नाही! इतकी हसले, तरी दुखलं नाही!"

सगळं एकदम बरं झालं असं नाही. जूनमध्ये दोन दिवस पुन्हा काठी घ्यावी लागली, त्या दोन दिवसांत तिने सगळ्यांना शिव्या घातल्या. पण व्यायाम सोडला नाही. विणताना आम्ही भजनं गायचो; दर तिसरं भजन संपलं की उठायचं, हे आम्ही ठरवूनच टाकलं. चटई थोडी हळू वाढली, एवढंच.

लग्नाच्या दिवशी ती चटयांच्या उंच थरावर ताठ बसली. भाषणं लांबली की शांतपणे उठायची, मागे झुकायची, परत बसायची. पाहुणे बघत राहिले. संध्याकाळी गिटार वाजू लागल्या, सेमिसीची नवी नवरी नाचायला उभी राहिली, आणि तिच्या मागे आत्या! हात हवेत, कंबर डुलतेय, मधूनच एक गिरकी.

"अगं हळू! पुन्हा आम्हालाच उचलावं लागेल तुला!" लोसालिने ओरडली.

"तू ये की इकडे!" म्हणत टोआकासेने तिचाच हात धरून तिला मधोमध ओढलं.