गॅलरीतली हलगी

जुन्या दगडी सभागृहाची अभ्यासिका करायची ठरली, तेव्हापासून त्याच्या लाकडी गॅलरीनं माझा जीव खाल्ला. इमारतीची मजबुती बघणारी इंजिनिअर मी. किडलेल्या तुळया बदलून घेतल्या, बाकीच्यांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि गॅलरी वापरायला हरकत नाही, अशी सही दिली. स्पर्धा परीक्षेची पोरं वर बसून गुपचूप वाचणार, एवढाच भार मी धरला होता. तरी झोप लागली की स्वप्नात तुळई मोडायचीच.

कोल्हापुरात उद्घाटन म्हटलं की हलगी आली. ती दारात वाजेल, असं मी गृहीत धरलं होतं. पण माझे आबा जुने पैलवान. "लेकीनं उभं केलंय म्हटल्यावर दारात कशाला वाजवायची?" म्हणत ते तालमीतली सगळी मंडळी, हलगी, लेझीम घेऊन थेट गॅलरीत चढले. मी खाली पाहुण्यांना हार देत होते. वर पहिली थाप पडली आणि मी हार देता देता वर बघितलं.

माणसं नुसती उभी असती तर मी एवढी भ्याले नसते. लेझमीत सगळ्यांचा पाय एकदम पडतो. प्रत्येक ठेक्याला गॅलरी दबत होती, पुन्हा वर येत होती. फटींतली धूळ पाहुण्यांच्या फेट्यांवर पडत होती आणि पाहुणे खुशाल टाळ्या वाजवत होते. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, पण हलगीपुढं कुणाला ऐकू जातंय!

मी जिना चढायला लागले. आपण आणखी एका माणसाचं वजन वर नेतोय, हेही मनात आलं. वर पोचले आणि सरळ वाजत्या हलगीवर हात ठेवला. आमच्याकडे हा वाजवणाऱ्याचा भर चौकातला अपमान.

सगळे थबकले. आबा गरजले, "सगळ्यांम्होरं लाज काढतीस व्हय गं?"

"आबा, खाली चला. एकेकानं. पाय न आपटता."

"तूच केलीयास न्हवं ही गॅलरी? मग भ्यातीस कशाला?"

"मी केलीय म्हणूनच."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मंडळींना हातानं खाली जायची खूण केली. मंडळी कुरकुरत उतरली. आबा सगळ्यांत शेवटी. आखाड्यात कधी कुणाला न भ्यालेला तो माणूस चपला हातात घेऊन, भिंतीला धरून, चवड्यांवर चालत खाली आला. ते बघून मला रडू फुटलं.

गॅलरी अजून उभी आहे. पोरं वर अभ्यास करतात, आबा खाली पेपर वाचायला येतात, मीही अधूनमधून गॅलरी बघायला जाते. वर एखादी खुर्ची सरकली की त्यांची मान आधी वर जाते, मग ते माझ्याकडं बघतात.

"काही नाही, आबा," मी म्हणते, आणि पुढचा आवाज येतोय का, ते ऐकत राहते.