मोटारीला लागलेला फोन

आमच्या विहिरीतल्या मोटारीला स्वतःचा फोन नंबर आहे, हे माहेरी सांगितलं तेव्हा आई पोट धरून हसली होती. त्यात नवल काही नाही. आमच्या श्रीगोंद्याकडे शिवारात बऱ्याच विहिरींवर आता मोबाईल स्टार्टर बसलेत. काठावरच्या पेटीत सिमकार्ड असतं. बसल्या जागेवरून फोन लावायचा, रिंग गेली की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद. पेटी ऐकते मात्र एकाच नंबरचं, आणि तो नंबर माझा. आमचे मालक फोन कुठेही विसरून येतात, म्हणून बसवतानाच माझा दिला. मी अंगणवाडी सेविका. पोरांना खिचडी वाढता वाढता मी कांद्याला पाणी सोडायचे, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

मग फोन बिघडला. हात न लावता काच आपोआप दाबली जायची आणि फोन कुणालाही लागायचा. एकदा नणंदेला लागला. त्या वेळी मी नेमकी तिच्याच स्वयंपाकाबद्दल बोलत होते, तेव्हापासून ती माझ्याशी मोजकंच बोलते. मी बोट लावलं तर मात्र ढिम्म. बंद करायचा म्हटलं तरी शेवटी काचेवरच बोट लावावं लागतं. सासूबाईंनी मीठ-मोहरी घेऊन फोनची दृष्ट काढली. दुकानदार म्हणाला, "ताई, बदलून मिळंल, पन नवा पुण्यावरून यायचाय. तवर घ्या सांभाळून." सिम जुन्या बटनाच्या फोनमध्ये घालून पाहिलं, तर तो ते ओळखेना. तेव्हा सांभाळून घेणं आलंच. मालक काठावर जाऊन हाताने मोटार चालू करू लागले.

भीती वाटायला हवी होती ती तेव्हाच. वाटली नाही, कारण आमच्याकडे सगळ्यांचा भरवसा लाईटच्या वेळापत्रकावर. लाईट नसली की माणूस बिनधास्त पाण्यात उतरतो. पेटीतले फ्यूज काढून ठेवायचे कष्ट कोण घेणार? त्या सकाळी मी दुकानात चौकशीला निघाले तर मालक म्हणाले, "दुपारपत्तोर लाईट न्हाई. तवर जाळी साफ करून घेतो." पाण्यातल्या मोटारीच्या जाळीला कचरा गुंडाळला होता. मी बरं म्हटलं आणि चप्पल घातली. त्या मोटारीच्या वायरला एक जोड आहे, चिकटपट्टी गुंडाळलेला, पाण्यातच असतो. हे मला ठाऊक होतं, पण डोक्यात नुसता फोन.

जीप फाट्यापुढे गेली असेल. खिडकीतून सहज पाहिलं, तर आमच्याच लाईनवरच्या एका शेतात पाइपातून भसाभसा पाणी पडत होतं. म्हणजे लाईट आली होती. मला ते कळेपर्यंत मांडीवरच्या पर्समध्ये उजेड झाला. फोन बाहेर काढला. काचेवर यादी आपोआप वर-खाली होत होती, आणि मग एक नाव थांबलं. "मोटार". फोन लागला. मी काचेवर बोट घासलं, अंगठा घासला, तळहात मारला. रिंग गेली. मग आपोआप कट झाला.

शेजारच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं आणि स्वतःचा फोन पुढे केला. तो हातात घेतला आणि मी तशीच बसून राहिले. मला नवऱ्याचा नंबर पाठ नव्हता. इतकी वर्षं ज्याच्या ताटात वाढते त्याचा नंबर मला येत नव्हता. लहानपणीचा माहेरचा वायरवाल्या फोनचा नंबर तेवढा आठवला, तो घडाघडा. घरी सासूबाईंकडे फोन नाही. मी "थांबवा" म्हणाले ते इतक्या मोठ्याने, की ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

समोरून एक दूधवाला येत होता. त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले, वाटभर रिकाम्या किटल्या वाजत होत्या. मी देवाला नवस बोलायला गेले तर देवाचं नावही सुचेना. मनात एकच, की पाणी आणि वायर, पाणी आणि वायर. माझ्याच नंबरवरून.

बांधावर उतरले आणि आधी आवाज आला. पाटात पाणी पडत होतं. मोटार चालू होती. "अहो," मी हाक मारली, पण ती माझी मलाच ऐकू आली नाही.

ते काठावर बसले होते. छातीपर्यंत ओले, हातात विळा. जाळीला नायलॉनची दोरी अडकली होती, ती हाताने सुटेना म्हणून विळा आणायला वर आले होते. विळा घेऊन परत पायरीवर पाय ठेवणार, तोच पाइपातून पाणी आलं. तिथेच ते मटकन खाली बसले होते, ते अजून उठले नव्हते.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुजा फोन लागला हुता, व्हय?"

मी मान हलवली आणि त्यांच्या शेजारी बसले. वाफे भरून पाणी बांधावरून वाहायला लागलं, तरी मोटार बंद करायला दोघांपैकी कुणी उठलं नाही. त्यांचा हात मी धरला होता. तो गार होता.

नवा फोन आला. गुणी आहे, बोट लावल्याशिवाय हलत नाही. पेटी अजून माझंच ऐकते. पण मालकांना विहिरीत उतरायचं असलं की ते आधी पेटीतले तिन्ही फ्यूज काढतात आणि घरी येऊन माझ्या हातात देतात. मी भाकरी थापत असले तर तवा उतरवते आणि काठावर जाऊन उभी राहते. ते वर येईपर्यंत मूठ उघडत नाही.