साखऱ्याची स्वच्छ हवा

पुण्यातल्या डॉक्टरांनी "जरा हवापालट करा" म्हणायचा अवकाश, मी बॅग भरली. गाड्यांच्या धुराने माझी छाती कशी कामातून गेली, हे मी सोसायटीत इतक्यांदा ऐकवलं होतं, की मी निघालो याचा सगळ्यांनाच आनंद झाला.

हिंगोलीहून जीपने निघालो. रस्त्याकडेला सोयाबीनची मळणी चाललेली, भुसकट थेट जीपमध्ये. मी एकावर एक दोन मास्क चढवले. शेजारचे म्हातारबा म्हणाले, "तोंड काहून बांधलं? डाका घालायला चाल्ले का?" जीपभर हशा. मीही हसलो, पण ते कुणाला दिसलं नाही.

साखऱ्यात माझी थोरली बहीण, अक्का, एकटीच राहते. ओसरीवर खोकत उभी होती. "धुळीचं हाय," म्हणाली आणि माझ्याच छातीची चौकशी करत बसली. असा श्रोता पुण्यात कुठला! मी खुलून सांगितलं, वर तीन भाकरी आणि ठेचा हाणला. समोर हिरवीगार तूर. काय हवा, वा!

मग सुरू झाले माझे लाड. आंघोळीला, गुळण्यांना आणि तिन्हीत्रिकाळ वाफाऱ्याला कढत पाणी. गॅस होता, पण अक्का तो चहापुरताच पेटवी. पाणी मागच्या चुलीवर, पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) जाळावर तापे. मी डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ ओढायचो आणि भिंतीपलीकडचा खोकला ऐकून ओरडायचो, "अक्का, दवाखान्यात दाखव गं!" केवढा तो माझा कळवळा!

चौथ्या दिवशी अक्काला बोलताना धाप लागली, ओठ निळसर पडले. जीप करून हिंगोलीचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिला तपासलं.

"बिडी ओढता?"

"न्हाई जी."

"मग छातीत एवढा धूर कुठला?"

"तसं काई न्हाई, साहेब. भाऊ आलाय ना, त्याच्या छातीला वाफ लागते. म्हणून चूल जरा जास्त पेटून राहिली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मास्क लावून बसलो होतो. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळी तिचा श्वास जागेवर आला. डोळे उघडून पहिलं काय विचारावं? "बापू, आज वाफ घेतली का रे?" मला रडू आवरेना.

पाणी यापुढे गॅसवरच तापवीन, असं तिच्याकडून वदवून घेऊन परतलो. दारातच बायको म्हणाली, "तुमचा खोकला गेला की! गावची हवा मानवली."

मानवली खरी. माझ्या वाटचा धूर अक्काने घेतला होता.