सात गुंजा झीज

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे तुम्ही भलत्याच माणसावर राग धराल. त्या सकाळी मी तोलकचेरीत एक अर्ज घेऊन गेलो होतो. दोन महिन्यांत माझे तीन दात पडले, ही झीज माझ्या वाट्यापेक्षा जास्त आहे, अशी तक्रार होती. नंबर येईपर्यंत करायचं काय? बसल्याबसल्या मी काट्याच्या डाव्या पारड्यावरची धूळ रुमालाने पुसून काढली. चांगली लख्ख. घरी मी इकडची काडी तिकडे करत नाही. पण दुसऱ्याच्या कचेरीत गेलं की मला स्वच्छतेचा उमाळा येतो.

ती धूळ एकतीस वर्षं कुणी पुसली नव्हती, आणि त्याला कारण होतं.

जग दोघींनी मिळून धरून ठेवलंय, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. एक वाढ, दुसरी झीज. वाढीचा हात लागेल ते फुगतं, फुटतं, उंच होतं. झिजेचा हात लागेल ते विरत जातं. दोघी सारख्या असल्या की सकाळ होते, दूध नासतं, मुलं शहाणी होतात, म्हातारे मरतात. सगळं कसं सुरळीत. शेजारच्या वस्तीत एकदा तीन दिवस झीज कमी पडली. पहिल्या दिवशी लोक खुशीत होते, टकलांवर केस आले. दुसऱ्या दिवशी चौकटींना पालवी फुटली आणि दारं उघडेनात. तिसऱ्या दिवशी पोरं पाळण्यात मावेनात, आणि संध्याकाळी घरात कुणीच मावेना. आता तिथे काहीतरी गच्च, हिरवं आहे. आम्ही त्याला कुंपण घातलंय.

म्हणून प्रत्येक वस्तीत एक काटा आणि एक तोलणारा. आमच्या तोलणाऱ्याला सगळे गुंजमामा म्हणत, कारण हा माणूस कुणाला गुंजभरही सूट देत नसे. पाव कापला तर दोन्ही तुकडे सारखे. उजव्या गालाने हसले की थोड्या वेळाने डाव्या गालाने हसून घ्यायचे. कुणाकडे मूल झाल्याचं कळलं की तोंडभरून अभिनंदन करायचे आणि त्याच दमात विचारायचे, "घरात सगळ्यांत म्हातारं कोण?" लोक त्यांना नमस्कार करत, पण रस्त्याच्या पलीकडून.

घरी एक थोरली बहीण. आईबाप गेले तेव्हा मामा सहा वर्षांचे, ताई चौदाची. तिने लोकांचे कपडे शिवून भावाला वाढवलं, शिकवलं, काट्यापाशी बसवलं. तिची नजर अशी, की काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप दिव्यावाचून घालावी. मामांच्या सदऱ्याच्या बाह्या तिने शिवलेल्या. जगात मामा न मोजता अंगावर घालत ती तेवढीच वस्तू.

तर मी रुमाल घडी करतोय तोच सकाळच्या तोलाची घंटा झाली आणि काटा उजवीकडे, वाढीच्या बाजूला झुकला. मामांनी पारड्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"पुसलंत?"

"किती घाण होती हो! म्हटलं, तेवढंच आपलं—"

"ती झिजेची धूळ होती. तिची तिने बसवलेली."

मी घाईघाईने रुमाल पारड्यावर झटकला. जित्या माणसाचा घाम लागलेली धूळ झीज परत घेत नाही, उलट चिडते, हे मला कुठे ठाऊक? चार गुंजांची तूट सातांची झाली.

"सात," मामा म्हणाले. "दिवस मावळायच्या आत. एकाच माणसाकडून."

पद्धत साधी आहे. नाव लिहिलेली चिठ्ठी डाव्या पारड्यात टाकायची. त्या माणसाने आयुष्यभर वापरून जे काही अंगात मुरवलंय, त्याच्या वजनाने पारडं खाली जातं. तूट भरली, की ते त्याचं गेलं. न्हाव्याचा हात, गवयाचा गळा. कमी भरलं तर चिठ्ठी बाजूला. झीज तुकडे घेत नाही.

बातमी फुटली आणि दुपारी कचेरीपुढे ही गर्दी. प्रत्येकाकडे एकेक नाव तयार.

"मामा, आमच्या सासूबाईंची जीभ बघा की," धोबीण म्हणाली. "सात काय, सतरा भरेल."

"मला वगळा हं मामा," न्हावी म्हणाला, "अजून दोन दाढ्या राहिल्यात."

"तुझा हात गेला तर दोन गळे वाचतील," मागून कुणीतरी म्हणालं.

एवढ्यात ताई मामांचा डबा घेऊन आली. "जेवला नाहीस ना? चेहराच सांगतोय. आणि बटण कुठे गेलं सदऱ्याचं?" तिने पदराला टोचलेली सुई काढली, बोलता बोलता दोरा ओवला, सगळ्या गावादेखत भावाचं बटण लावलं आणि दोरा दातांनी तोडला. "कुणाचं भरतंय?"

"बघतोय."

"कुणाचंही भरो, तू हसू नकोस. एका गालाने हसलास की लोक घाबरतात."

मामा आत गेले, दार लावलं. मी दाराच्या काचेतून डोकावलो तेव्हा बऱ्याच चिठ्ठ्या टाकून झाल्या होत्या. एक पाचावर अडली. एक सहाच्या जरा पुढे गेली, थांबली. ऊन उतरत चाललं. मामांच्या टेबलाच्या पायाला एक कोवळं पान फुटलं, मग दुसरं. मामांनी त्या पानांकडे बराच वेळ पाहिलं. मग खिशातून एक चिठ्ठी काढली. ती सकाळपासून तिथेच असावी. घड्या पार चुरगळल्या होत्या. ती पारड्यात पडली आणि काटा सरळ उभा राहिला.

ताई बाहेरच्या बाकावर धोबिणीच्या पोरीचा फाटका फ्रॉक शिवत बसली होती. सुईत दोरा घालताना ती थांबली. पुन्हा घालून पाहिला. मग मान वर करून म्हणाली, "एवढ्यात अंधारलं का ग?"

ऊन तिच्या गुडघ्यांवर पडलं होतं.

पोरीने फ्रॉक हळूच ओढून घेतला. गर्दी बघता बघता पांगली. न्हावी जाता जाता मला म्हणाला, "बरं झालं, घरातल्या घरात मिटलं," आणि आपल्या दोन दाढ्या करायला गेला.

मामांनी कचेरीला कुलूप लावलं, ताईचा हात धरला. ती पाय चाचपत पायऱ्या उतरत होती आणि डबा खाल्लास का, म्हणून विचारत होती. मी मागोमाग गेलो.

"मामा, धूळ मी पुसली. माझ्या नावाची चिठ्ठी टाकायचीत ना."

मामा थांबलेसुद्धा नाहीत.

"सगळ्यांत आधी तुमचीच टाकली होती, पारडं हललंच नाही."