लांडग्याच्या तोंडी सिताबाईची हाक

सिताबाईला राग यायला फार काही लागत नाही. एसटीतला कंडक्टर ‘ओ मावशी, सरका पुढं’ म्हणाला की ती विचारते, “कोण गावची रं तुजी मावशी? नाव सांग तिचं.” तालुक्याच्या भूमपर्यंत गाडी हसत राहते आणि स्टँडवर चहा पोटात गेला की तिचा राग उतरतो. पण गेल्या मार्गशीर्षात चढलेला राग काही केल्या उतरला नाही.

तो चढला एका हाकेपायी. आधी जिभेनं टर्रर्र, मग नाकातून लांब, शेवटाला वर उचललेलं ‘येऽऽ गं, येऽऽ’. हाक मूळची तिच्या सासूची, नागूबाईची. सिताबाई नवी नवरी होती तेव्हा मेंढरं तिच्याकडं पाहुण्याकडं बघावं तशी बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. सासूमागं फिरून फिरून हाक गळ्यात बसली, तेव्हा कुठं कळप तिचा झाला. आता रस्त्याच्या पलीकडं सगळी पांगलेली असली तरी एका हाकेत माना वर होतात. ट्रकवाले हॉर्न वाजवून थकतात, मेंढरं हलत नाहीत. सिताबाईनं हाक मारली की मोकळा रस्ता.

ती हाक रेकॉर्ड करायला उत्कर्ष आला. पोरगं ह्याच भागातलं, पुण्याला जाऊन कार्टून करायला शिकलेलं. जाताना आपल्यासारखं बोलत होतं, येताना भाषेला इस्त्री करून आलं.

“आज्जी, ॲनिमेशनपट आहे. सहकुटुंब पाहण्यासारखा. त्यात प्राणी बोलतात.”

“मेंढरं बी?”

“हो. समतेविषयी बोलतात.”

बिरू, सिताबाईचा नवरा, काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होता. तो म्हणाला, “आमची चाऱ्याविषयी बोलत्यात.”

उत्कर्ष हसला. त्यानं सांगितलं, पिक्चरात एक आई मेंढी आहे, हरवलेल्या कोकरांना बोलावते. तिला तुमची हाक द्यायची. सिताबाईनं तोंड पुसलं, पदर सारखा केला, जणू फोटोच काढायचाय, आणि अशी हाक दिली की मागं मेंढरं उठून उभी राहिली.

पिक्चर तयार झाल्यावर पहिला खेळ शाळेच्या मैदानावर ठेवला. दिवेलागणीला पांढरा पडदा बांधला, दोन्ही अंगाला मोठे स्पीकर. शेजारीच महांतप्पाच्या शेतात सिताबाईची मेंढरं लेंडीखतासाठी रात्रीची बसवलेली, भोवती जाळीचं कुंपण. सिताबाई आणि बिरू पुढच्या रांगेत, खुर्चीवर.

पडद्यावर पांढरा घोडा आला. “मित्रांनो, आपण सारे समान आहोत. रंगावरून कुणाला हिणवू नका.” एकदम रेडिओवरच्या बातम्या. घुबड बोललं तेही तसंच, फक्त चष्मा लावून. मग गाढव आलं. “म्या न्हाय केलं वो, म्या तर लई गरीब हाय.” सगळं मैदान हसलं. लांडगा आला, तोही म्हणाला, “कुटं निगालीस गं, जरा हिकडं ये की.” आणखी हसलं.

“हे तर आपल्यावाणी बोलत्यात,” बिरू म्हणाला.

सिताबाई हसली नव्हती. “गाढव अन् लांडगं तेवडी आपल्यावाणी. घोड्याला कुणी न्हाय शिकिवलं?”

तेवढ्यात लांडग्यानं मेंढीचं कातडं पांघरलं, झाडामागं दबा धरला, तोंड उघडलं. आणि दोन्ही स्पीकरमधून सिताबाईची हाक आली. टर्रर्र. येऽऽ गं, येऽऽ.

पडद्यावरची कोकरं धावली. खरी मेंढरंही धावली. महांतप्पाच्या शेतातली जाळी कडाकडा उपटली आणि अख्खा कळप मैदानात घुसला. खुर्च्या पडल्या, पोरं बाकावर चढली. हेडमास्तर माइकवर म्हणाले, “कृपया शांतता राखावी, मेंढ्यांनी... पालकांनी जागेवर बसावं.” कुणीतरी पिक्चर थांबवला. पडद्यावर लांडगा, आ वासलेला, आणि त्याच्या पायाशी मेंढरं माना वर करून उभी.

सिताबाईनं हाक मारली. गळ्याच्या शिरा तटतटून मारली. मेंढरांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. आवाज पडद्यातून आला होता, कळप पडद्याकडंच बघत राहिला.

तिनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. गर्दीतून वाट काढत गेली, म्होरक्या मेंढीच्या मानेला मिठी घातली आणि तिला ओढत बाहेर काढलं. मागोमाग बाकीची आली. एका कोकराचा पाय खुर्चीत मोडला होता. त्याला बिरूनं खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्कर्ष शेतात आला. सिताबाई कोकराच्या पायाला बांबूची कामटी बांधत होती.

“आज्जी, कथेची गरज होती. लांडगा फसवतो ना, मग हाक खरीच हवी. नाहीतर मेंढ्यांना पटणार कसं?”

“पटलं की. मैदानभर पटलं.”

“तुम्ही समजून घ्या...”

“म्या समजले. चांगलं वागायचं आसंल तर पुण्याचं बोलायचं. चोरी करायची, लोकाची लेकरं खायाची, तर भूमचं. तुजी आजी कशी बोलते रं? घोड्यावाणी का लांडग्यावाणी?”

उत्कर्षनं मोबाइल काढला. रेकॉर्डिंगसाठी पुढं धरला. “ती हाक काढतो मी. शब्द देतो. त्या जागी दुसरी एखादी द्या.”

“काढ. दुसरी न्हाय मिळनार.”

“मग लांडगा मेंढ्यांना बोलवणार कसा?”

“त्ये लांडग्याचं लांडग्यानं बघावं.”

तो गेला. जाताना फटफटीला किक मारली आणि तोंडातून आपसूक निघालं, “आयला, लई तापली म्हातारी.” इस्त्री पार मोडली होती. बिरू हसला. सिताबाई हसली नाही.

मेंढरं रस्त्यापलीकडं चरत होती. ऊन चढल्यावर तिनं काठावर उभं राहून हाक मारली. म्होरक्या मेंढीनं मान वर केली. आधी शाळेकडं पाहिलं, कान टवकारून, बराच वेळ. मग सिताबाईकडं. मग आली.

सिताबाई रस्त्यावर थुंकली आणि मेंढीला म्हणाली, “आदी तिकडं बगितलंस.”