बॉनेटखालचं कुंकू

बॉनेट वाकलं होतं. गॅरेजवाल्यानं पहार लावून ते वर केलं, तेव्हा कुठे मी टॉर्च घेऊन आत डोकावले. रेडिएटर फुटलेला, हेडलाइट गेलेला. पातूर रोडवर गाडीला रोही आडवा आला होता. रोही म्हणजे नीलगाय. आमच्या वऱ्हाडात याच्या नावावर कितीतरी क्लेम लागतात, बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

मी मोटार सर्व्हेअर. गाडी ठोकली की विमा कंपनी मला पाठवते. नुकसान किती, त्यात खरं किती, ते मी लिहून देते. थोडक्यात, नाक खुपसायचीच फी मिळते मला.

त्या दिवशी नाक खुपसलं आणि बॉनेटच्या बिजागरीत कुंकू दिसलं. वायपरखालच्या पन्हळीत चार अक्षताही होत्या. गाडी जेमतेम तीन आठवड्यांची. मालकीण गवई सिस्टर, अंजनगाव सुर्जीच्या, नोकरीला पातूरच्या सरकारी दवाखान्यात. अपघातात नुसतं खरचटण्यावर निभावलं होतं.

"पूजा दणक्यात केलेली दिसते, सिस्टर?"

"पूजा? आमी बौद्ध आहो, मॅडम. घरी पंचशील घेतलं, पेढे वाटले, झालं."

"मग शोरूमवाल्यांनी केली असंल."

"ते नारळ घेऊन उभेच होते. मीच नको म्हटलं."

मग हे कुंकू लावलं कोणी? मला काही चैन पडेना. फोनवर वाहन खात्याचं ॲप उघडलं, नंबर टाकला. मालक म्हणून सिस्टरांचंच नाव. पण तिथं आणखी एक बारीक ओळ असते, ती कोणी वाचत नाही: ओनर सिरियल. गाडीचा हा कितवा मालक, ते त्यात असतं. नव्या गाडीला एक पाहिजे. इथं दोन होता.

"सिस्टर, शोरूमला सह्या कशाकशावर केल्या?"

"जिथं पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या, तिथं तिथं. एक ओटीपी आला, तोबी सांगितला."

झालं! त्यातच ट्रान्सफरचे फॉर्म होते. जुन्या मालकाची गाडी नव्याच्या नावावर करायचे.

मी समजावून सांगितलं, तशा सिस्टर म्हणाल्या, "तीन बहिणींत मी शेवटची, मॅडम. फ्रॉक मोठीचा, पुस्तकं मधलीची, सायकलबी तिचीच. आयुष्यात पयली कोरी वस्तू ही गाडी. अन् हेबी मले कोणाचं उतरलेलंच?"

मला फार वाईट वाटलं. वर क्लेमचीही भानगड. पॉलिसी नवी गाडी म्हणून काढलेली. बाईंनी लपवलं असं कंपनी म्हणाली असती, तर दुरुस्तीही त्यांच्याच गळ्यात.

दुसऱ्या दिवशी बिल तपासायला मी अमरावतीच्या शोरूमला गेले. सिस्टर सोबत आल्या. बिलावर ठळक 'नवीन वाहन'. मॅनेजर म्हणाला, "गाडी नवीच आहे, मॅडम. चार दिवस तर होती त्यांच्याकडं."

"कोणाकडं?"

जीभ चावली, पण शेवटी बोलला. वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी. लग्नात द्यायला म्हणून मुलीच्या नावानं गाडी घेतली, दारात पूजा केली. नवरदेवाला यापेक्षा मोठं मॉडेल पाहिजे होतं. मुलीनं लग्नच मोडलं आणि गाडी परत पाठवली. शोरूमनं धुऊन-पुसून ती सिस्टरांना दिली.

वा रे पोरी! मी मनात म्हटलं. सिस्टरांनी पर्समधून गाडीची चावी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "तिनं परत केली ना? मग मीबी करते."

"ठोकलेली गाडी कशी घेणार, मॅडम?" मॅनेजरनं विचारलं.

"सांगून दिली असती, तर घेतलीबी असती मी. तुमी सांगितलं कावून नाही?"

मॅनेजर बिलाची घडी घालायला लागला. मी म्हटलं, "रिपोर्टात मी दोनच ओळी लिहीन. बिलावर नवीन, नोंदणीत दुसरा मालक. पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा."

बिलामुळं सिस्टरांचा खरेपणा ठरला आणि क्लेम पास झाला. शोरूम मात्र ग्राहक आयोगाची नोटीस गेल्यावरच वठणीवर आलं. गाडी बदलून मिळाली. ओनर सिरियल एक, मी स्वतः पाहिलं.

तेव्हा सही करण्याआधी फॉर्मचं नाव वाचा, आणि ओटीपी कशाचा आहे ते विचारा. बाकी कोरी वस्तू कशी वापरायची, ते मी कोणाला शिकवू शकत नाही. परवा सिस्टरांनी मला अकोल्यात घरी सोडलं. नवी गाडी येऊन दोन महिने झाले, सीटवर प्लास्टिक तसंच.

"काढा ना आता ते, सिस्टर."

"राहू द्या, मॅडम. अजून थोडे दिवस."