जोडव्याची खोली

जावयाच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहून लग्न ठरवणारा सासरा उभ्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या वाट्याला आला. ते आमच्याकडे बोलणी करायला आले तेव्हा मी इस्त्रीचा सदरा घालून, केस चापून बसलो होतो. नोकरी बुलढाण्याची, तीही कायम, बदलीची भीती नाही, हे सगळं पाठ करून ठेवलं होतं. या गृहस्थांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. चहा येईपर्यंत ते सतरंजीवरच्या माझ्या पावलांकडे असे पाहत राहिले की ती कुठं लपवावीत ते मला कळेना. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "आंगठा जरासा लांब हाय. काही हरकत नाई, जमवून घेऊ." माझ्या वडिलांना वाटलं, हा काहीतरी सामुद्रिकातला प्रकार असावा. त्यांनी घाईघाईनं अंगठ्याच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली. लग्न झाल्यावर मला कळलं की सासरे पायमोजे विणतात, आणि जगातल्या माणसांचे त्यांनी दोनच वर्ग केले आहेत: माप घेतलेले आणि माप घ्यायचे राहिलेले.

सासरे जळगाव जामोदचे. ज्या गावात उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकवत नाही, तिथं बसून लोकरीचे मोजे विणणं याला काय म्हणावं हे गावानं शेवटपर्यंत ठरवलं नाही. नोकरीत असताना ते जंगल खात्यात नाकेदार होते. तरुणपणी बैलगाडीतून पडून त्यांचा पाय मोडला आणि दवाखान्यात प्लास्टर घालून पडून राहावं लागलं. शेजारच्या खाटेवर एक फौजी होता, त्याला विणता येत होतं. वेळ जाईना म्हणून त्यानं यांना सुलटा टाका, उलटा टाका, टाच कशी वळवायची, असं सगळं शिकवलं. पण एक मोजा पुरा झाला आणि फौजीला घरी सोडलं. झालं! दुसरा मोजा शिकायचा राहिला, अशी सासऱ्यांची कायमची समजूत झाली. दुसराही पहिल्यासारखाच विणायचा असतो, हे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. "उजवा मले फौजीनं शिकवला," ते म्हणत, "डावा माया मनचा हाय." आणि त्यांच्या मनचा तो डावा दर वेळी बोटभर लांब व्हायचा. गावात कुणाच्या डाव्या मोज्याला घोट्यावर घडी दिसली की तो माणूस आमच्या सासऱ्यांच्या तावडीत सापडलेला आहे असं खुशाल समजावं.

सायकलच्या चाकाच्या जुन्या तारा घासून केलेल्या चार सुया आणि लोकरीचा गुंडा त्यांच्या पिशवीत कायम असे. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते विणत. एकीकडे अक्षता टाकत आणि टाके मोजायचे चुकले की भटजींकडे रागानं पाहत. एकदा एस.टी.त शेजारच्या उतारूला सुई टोचली. तो कळवळून ओरडला, पाय वर घेतला. सासऱ्यांनी माफीबिफी काही मागितली नाही. वर आलेला पाय आयताच हाती लागला म्हणून वितीनं त्याचं माप घेतलं. पुढच्या थांब्यावर तो माणूस उतरला, बहुधा त्याचं गाव पुढं असतानाही.

त्यांच्या मोज्याला आणखी एक वैशिष्ट्य होतं. आमच्याकडची माणसं पायात वहाणा घालणारी. वहाणेला अंगठा असतो, तो साध्या मोज्यात मावत नाही. म्हणून सासऱ्यांनी पायाच्या अंगठ्याला वेगळं घर ठेवायची युक्ती काढली. चीनची लढाई सुरू झाली तेव्हा जवानांसाठी गावोगाव लोकरीचे कपडे गोळा होत होते. सासऱ्यांनी गठ्ठा बांधून मोजे नेऊन दिले. घेणाऱ्या गृहस्थांनी एक मोजा उचलून पाहिला, त्याचा तो सुटा अंगठा हलवून पाहिला आणि म्हणाले, "काकाजी, जवान बूट घालतात." सासरे जराही डगमगले नाहीत. "जवान काय जलमभर बूटच घालून राह्यते काय? घरी आला का वाहानाच घालीन ना बापा!" त्या गृहस्थांनी मोजा परत गठ्ठ्यात खोचला आणि गठ्ठा जमा झाला.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून काहीतरी चांदीचं द्यायची पद्धत आहे. मीही मनातल्या मनात एका वाटीला कपाटात जागा करून ठेवली होती. ताट आलं, त्यावरचा रुमाल मी सावकाश, मानानं बाजूला केला, तर अनारशांच्या शेजारी मोज्यांचा जोड! तोही ऐन ज्येष्ठात. मग ते घालून मला गल्लीतून मारुतीच्या देवळापर्यंत नेण्यात आलं. ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावत होत्या, आणि माझे पाय आत शिजत होते. सासरे मात्र रस्ताभर ज्याला त्याला सांगत होते, "आंगठा पाह्यला काय? बरोब्बर बसला."

असा सगळ्या मुलखाला मोजे घालत सुटलेला हा माणूस हरला होता तो फक्त आपल्या घरात. सासूबाईंच्या टाचांना हिवाळ्यात भेगा पडत, अगदी रक्त निघेपर्यंत. पहाटे अंगणातल्या थंडगार फरशीवर पाय टेकला की त्यांच्या तोंडून बारीकसा हुंकार निघे, आणि तो ऐकला की ओसरीवर विणत बसलेल्या सासऱ्यांचा टाका हटकून चुके. तिनं एकदा मोजे घालावेत, एवढीच काय ती या माणसाची इच्छा राहिली होती. पण आडवी येत होती सासूबाईंच्या पायातली जोडवी. चांगली जाड, नक्षीची चांदीची जोडवी. लोकर त्यांच्यात अडकायची, ओढ बसायची, बोट दुखायचं. बरं, जोडवी काढून ठेव म्हणायची सोय नाही. एकदा चुकून माझ्याच तोंडून तसं निघालं, तर सासूबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "जावईबापू, जोडवे काय मोज्यासाठी काढाची चीज हाय? हे बसले हायेत ना समोर धडधाकट!" धडधाकट बसलेल्यांनी मान खाली घालून टाके मोजायला घेतले.

मग त्यांचे शोध सुरू झाले. आधी त्यांनी बोटांशी उघडा मोजा केला. "पायाले फाटकं गोनपाट बांधल्यावानी दिसते," म्हणून सासूबाईंनी तो काढून टाकला. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी नवा विणला आणि माप पाहायला सासूबाईंच्या पायात चढवला. टोचू नयेत म्हणून सुया काढून ठेवल्या होत्या आणि लोकरीचा गुंडा यांच्या मांडीत होता. तेवढ्यात चुलीवर दूध उतू चाललं. सासूबाई उठून धावल्या. यांनी गुंडा घट्ट धरून ठेवला आणि ओरडले, "अवं थांब, उसवून राह्यला!" त्या आतून ओरडल्या, "दूध चाललं, तुमचं काय घेऊन बसले!" दूध वाचलं. मोज्याचा पुढचा भाग मात्र चुलीपासून ओसरीपर्यंत पसरला होता आणि त्याचं एक टोक जोडव्याला वेढे घालून बसलं होतं. सासऱ्यांनी खाली बसून ते वेढे एकेक करून सोडवले. सासूबाई पाय पुढं करून, दुसरीकडे पाहत उभ्या होत्या, आणि मला वाटतं दोघांनाही त्या कामाची घाई नव्हती.

शेवटी त्यांना ते साधलं, पण तोवर हात कापू लागले होते. अंगठ्याला घर होतंच. त्याच्या शेजारी जोडव्याच्या बोटाला त्यांनी आणखी एक घर विणलं, नेहमीपेक्षा दुप्पट सैल, आणि आतून जुन्या धोतराचं मऊ अस्तर शिवलं, म्हणजे चांदी लोकरीला लागायला नको. "ही जोडव्याची खोली," त्यांनी मला दाखवलं. "आता पाह्यतो कशी नाई म्हनते ते." सासूबाईंनी मोजे हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, त्या खोलीत बोट घालून अस्तर चाचपलं आणि पहिल्यांदाच त्यांनी नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाल्या, "इतके चांगले हायेत, घरात काऊन घालू? पोरीकडे बुलढान्याले जाईन तवा घालीन." आणि पेटीत लुगड्यांखाली ठेवून दिले. चांगली वस्तू वापरायची नाही, ठेवायची, हा आमच्याकडचा सगळ्यात जुना रोग. सासरे खूश होते. बुलढाण्याला कधी जायचं म्हणून रोज विचारत होते. त्याच हिवाळ्यात, माघात, ताप येऊन ते गेले.

पुढच्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे आल्या. बुलढाण्याची थंडी ती, पहाटे फरशीवर पाय ठरत नाही. त्यांनी पेटी उघडून ते मोजे काढले आणि खाली बसून घालू लागल्या. आता पायात जोडवी नव्हती. त्या सैल खोलीत त्यांचं बोट एकटंच इकडून तिकडं हलत होतं, आणि अस्तर चालताना गोळा होत होतं. ते मला बघवेना. माझी बायको म्हणाली, "आई, साधे घाल ना वं. बाबांचे इतके पडलेत घरात. आता तर काही अडत नाही."

"नाई," सासूबाई म्हणाल्या. "हे माया मापाचे हायेत."

डावा नेहमीसारखा लांब झालाच होता. त्यांनी घोट्यावर त्याची घडी घातली, हातानं नीट दाबून बसवली, आणि चहा टाकायला उठल्या.